हो म्हणण्याआधी थोडं थांबायचं

"मॅडम, ते तीन प्रश्न सोडून काहीतरी विचारा," मुलगी म्हणाली.

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. कापडाच्या दुकानात 'हा रंग नको, दुसरा दाखवा' म्हणावं तितक्या सहज ती म्हणाली आणि मांडीवरची पिशवी सावरून नीट बसली. पहिला प्रश्न विचारायला बाईंनी तोंड उघडलं होतं, ते क्षणभर तसंच राहिलं. दरवर्षी परीक्षा जवळ आली की शेवटच्या वर्षाची मुलं एकेक करून त्यांच्या खोलीशी येत, दारात घुटमळत, आणि पुढे शिकू का, पीएच.डी.ला नाव घालू का, असं विचारत. बाई वनस्पतिशास्त्र शिकवत, आणि सल्ला देण्यात सगळ्या इमारतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गणितवाले प्राध्यापक सरसकट सगळ्यांना हो म्हणत, रसायनवाले सरसकट नाही. बाई मात्र समोरच्याला बसवत, पाणी देत, आणि तीन प्रश्न विचारत. तुला विषय आवडतो, की या विषयात मिळालेले मार्क आवडतात? तू शिकत राहिलीस तर घरात कोणाचं काय अडेल? आणि काही वर्षांनी चारचौघांत कोणी विचारलं, 'काय, झालं का तुझं?' आणि तुला 'अजून चालू आहे' असंच म्हणावं लागलं, तर तुला झोप लागेल का? हे प्रश्न कुठल्या पुस्तकातले नव्हते. बाईंनी ते स्वतःच्या आयुष्यातून, एकेक करून, बऱ्याच वर्षांत काढले होते, आणि त्यांचा त्यांना थोडा अभिमानही होता.

"तुला कसे माहीत?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत आहेत मॅडम. उत्तरंसुद्धा."

"उत्तरं?"

"हो. पहिल्याला म्हणायचं, विषय. दुसऱ्याला म्हणायचं, घरच्यांचा पाठिंबा आहे, पण मलाच थोडी काळजी वाटते. तिसऱ्याला मात्र लगेच हो म्हणायचं नाही. थोडं थांबायचं, खिडकीकडे बघायचं, आणि मग हो म्हणायचं. लगेच हो म्हटलं की तुम्ही नाही म्हणता." एवढं बोलून ती थांबली. आपण जरा जास्तच सांगून गेलो असं तिच्या लक्षात आलं असावं. "गॅदरिंगला एका मुलाने करून दाखवलं होतं. तुमच्यासारखा चष्मा कपाळावर ढकलून. वाईट नव्हतं हं, प्रेमानेच केलं होतं त्याने."

बाईंचा चष्मा त्या वेळी कपाळावरच होता. तो त्यांनी काढला, पदराने पुसला आणि नाकावर ठेवला. हसू यायला हवं होतं, आणि थोडं आलंही, पण ते हसू पूर्ण होईना, कारण त्याच वेळी त्यांना खिडकीकडे बघणारे एकेक चेहरे आठवायला लागले. तो उंच मुलगा, जो आता परदेशात कुठल्याशा शेवाळाची रंगसूत्रं मोजतो, तो किती छान थांबला होता. ती दोन वेण्यांची मुलगी, जिने अर्ध्यात सोडलं आणि नंतर रस्त्यात भेटली तर पलीकडच्या कडेने गेली, ती तर इतका वेळ थांबली होती की बाईंना वाटलं, हिच्या आत काहीतरी खोलवर ढवळून निघतंय. त्या थांबण्यावर बाईंचा सगळा भरवसा होता. मार्क खोटे असू शकतात, शिफारशी खोट्या असू शकतात, पण माणूस असा थांबला की तो स्वतःशी बोलत असतो, असं त्या समजून चालल्या होत्या. आणि ते थांबणं खाली कँटीनमध्ये शिकवलं जात होतं.

"मग हे सगळं तू मला कशाला सांगतेयस?" त्यांनी विचारलं. "तूही थांबली असतीस की."

"मला खरंच विचारायचंय," मुलगी म्हणाली.

तिला एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी मिळत होती. सोमवारी कळवायचं होतं. दुसरीकडे पीएच.डी.चे अर्ज निघाले होते. घरी आई आणि मोठी बहीण. वडील ती शाळेत असतानाच गेले, तेव्हापासून ताई इस्पितळाच्या नोंदणीच्या खिडकीवर बसते आणि घर चालवते. ताई म्हणते, शिक तू, मी आहे. आई म्हणते, ताई म्हणते तसं कर. "म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरोखरच 'पाठिंबा आहे' असं आहे," मुलगी म्हणाली. "पण ते सगळेच म्हणतात ना, म्हणून मला ते म्हणायची लाज वाटते."

बाईंनी तिला शुक्रवारी यायला सांगितलं. विचार करून सांगते, म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांनी कोणाला म्हटलं नव्हतं. मुलगी गेल्यावर बाहेरच्या बाकावरून पुढचा मुलगा आत आला, खुर्चीत बसला, आणि बाईंनी त्याला एकही प्रश्न न विचारता चक्क सांगून टाकलं की आज माझं डोकं दुखतंय, उद्या ये. तो गोंधळला. त्याची सगळी तयारी फुकट गेल्यासारखा चेहरा त्याने केला, किंवा बाईंनाच तसं वाटलं.

घरी जाताना त्या रोजच्या रस्त्याने गेल्या नाहीत. कालव्याकाठची जुनी भिंत लागते त्या रस्त्याने गेल्या. ही भिंत म्हणजे त्यांची अर्धी हयात. तिच्यावरच्या शेवाळाचे पट्टे कोणत्या बाजूने सरकतात, कुठे करडे पडतात, कुठे पुन्हा हिरवे होतात, हे त्यांनी तरुणपणापासून पाहिलं होतं. त्यामुळेच मुलांनी त्यांचं नाव शेवाळेबाई पाडलं होतं, आणि गंमत म्हणजे नवीन मुलांना ते खरं आडनावच वाटे. एकदा तर विभागाच्या फलकावरही तसंच रंगवून आलं आणि रंगाऱ्याला परत बोलवावं लागलं. बाई भिंतीशी उभ्या राहिल्या, पण आज शेवाळाकडे त्यांचं लक्ष लागेना. त्यांना थोरले सर आठवले. थोरले सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक. पुढे शिकू का, हे विचारायला त्या गेल्या तेव्हा सर स्टुलावर चढून प्रयोगशाळेच्या छताजवळचा ओलीचा डाग चाकूने खरवडत होते. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. 'उद्यापासून या,' एवढंच म्हणाले. त्या दोन शब्दांवर बाई कित्येक वर्षं जगल्या होत्या. सरांनी आपल्यात काहीतरी पाहिलं, प्रश्न विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता. काम अडलं, सूक्ष्मदर्शकात डोळे दुखून पाणी यायला लागलं, शोधनिबंध परत आला, की त्या स्वतःला सांगत, सर म्हणाले होते, उद्यापासून या. मग सर निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी हसत हसत सांगितलं की त्या वर्षी माझ्याकडे दुसरं कोणी आलंच नव्हतं, ही एकटी आली, म्हटलं ये बाई, निदान बाटल्या तरी धुशील. सगळं सभागृह हसलं. बाईही हसल्या, इतरांपेक्षा थोडं जास्तच हसल्या. घरी येईपर्यंत ते हसू चेहऱ्यावर टिकलं होतं, आणि आरशात दिसलं तेव्हा त्यांनी ते पुसलं.

पण त्याचा राग त्यांना कधी आला नाही, हेही खरं. कारण तोवर काम होऊन गेलेलं होतं. मोठं नव्हतं. शेवाळाची एक जात आपल्या भागात सापडतच नाही असं लोक समजत होते, तिचा ठावठिकाणा त्यांनी लावला, आणि एका जुन्या वर्गीकरणातली चूक दाखवली. जगात शंभरेक माणसांना त्याचं महत्त्व कळेल. बाकीची वर्षं शिकवण्यात, पेपर तपासण्यात, आणि या भिंतीपाशी उभं राहण्यात गेली. ती वाईट गेली असं कोणी म्हटलं असतं तर बाईंनी भांडण काढलं असतं. आणि चांगली गेली का, असं कोणी विचारलं असतं तर? तर त्या थोड्या थांबल्या असत्या. हा विचार आला तशा त्या भिंतीपासून दूर झाल्या आणि भराभर चालू लागल्या.

खरा घोळ हुशार मुलांचा नसतो. हुशार मुलांना कोणी काही सांगायची गरज नसते, ती आपली आपण जातात. ज्यांना काडीचं येत नाही, त्यांनाही सांगणं सोपं. ही मुलगी मधली होती. वर्गात तिचा नंबर कधी वर नव्हता, कधी खाली नव्हता. प्रयोगाच्या तासाला ती पानाचे काप बरे घेई, आकृत्या जरा मोठ्याच काढी, आणि नमुना ओळखण्यात हमखास चुके. पण एक होतं. चुकलेलं तिला मागाहून कळे, आणि ती जिना चढून परत येऊन सांगे, 'मॅडम, मघाशी मी जे म्हटलं ते बरोबर नव्हतं.' कोणी विचारलेलं नसताना. तेव्हा मार्क देऊन झालेले असत. बाईंना त्या सवयीचं कौतुक वाटे आणि थोडा कंटाळाही येई. एवढ्यावर कोणाला सांगावं का, की ये, आयुष्याची उमेदीची वर्षं यात घाल? आणि ती वर्षं तिची एकटीची कुठे होती? नोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या त्या न पाहिलेल्या बहिणीचीही होती. सल्ला देणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात पाऊल न टाकता तिथलं सामान हलवणं, असं बाईंच्या मनात आलं, आणि इतकी वर्षं आपण किती निवांतपणे कपाटं सरकवत बसलो होतो, याचं त्यांना नवल वाटलं.

दुसरा प्रश्न त्यांनी स्वतःच्या घरातून घेतला होता. तू शिकत राहिलीस तर घरात कोणाचं काय अडेल? त्यांच्या बाबतीत ते नवऱ्याचं अडलं होतं. दोघं एकाच वर्गातली, त्यामुळे लग्नानंतरही अरे-तुरेच. पुढे तो पदार्थविज्ञानात गेला, ही वनस्पतींत. दोघंही संशोधनाला लागली, आणि वर्षभरात कळलं की दोघांनी विद्यार्थी राहून संसार चालणार नाही. तेव्हा तो म्हणाला, मी नोकरी बघतो, तू पूर्ण कर. त्याला लिफ्टची तपासणी करणाऱ्या कंपनीत काम मिळालं. दोन वर्षांनी परत जाईन म्हणाला होता. गेला नाही. अजूनही कुठल्याही इमारतीत शिरला की आधी लिफ्टच्या दाराची फट बघतो आणि मग यजमानांना नमस्कार करतो. बाईंनी त्याला याबद्दल कधी काही विचारलं नाही. विचारणार कशी? ज्याने आपल्यासाठी एवढं सोडलं त्याला 'तुला त्याचं वाईट वाटतं का' असं विचारणं म्हणजे आणखी एक ओझं टाकणं. त्याऐवजी त्या जपून वागल्या. त्याच्या बदल्यांच्या वेळी कुरकुर केली नाही. सासूबाई शेवटची वर्षं त्यांच्याकडे राहिल्या, तेव्हा बाईंनी आपली अभ्यासाची खोली त्यांना दिली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहिलं. भांडणं झाली, सगळ्यांची होतात, पण प्रत्येक भांडणात एक जागा अशी यायची की तिथे त्या गप्प बसायच्या. ती जागा नवऱ्यालाही माहीत असावी.

त्या घरी पोचल्या तेव्हा नवरा गच्चीतल्या दोरीवरचे कपडे काढून पलंगावर बसून घड्या घालत होता. हे काम तो फार मन लावून करी. शर्टाच्या दोन्ही बाह्या मागे, मग मधोमध एक घडी, मग वर तळहाताने इस्त्रीसारखा हात. बाई पिशवी खाली न ठेवताच दारात उभ्या राहिल्या.

"एक विचारू?"

"विचार की."

"तू संशोधन सोडलंस, ते माझ्यासाठी सोडलंस ना?"

नवऱ्याने हातातला शर्ट पूर्ण केला. बाजूला ठेवला. दुसरा घेतला.

"आज काय मध्येच?"

"एका मुलीला सल्ला द्यायचाय."

"मग तिला दे. मला कशाला उकरतेस?"

"सांग ना."

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मला त्या खोलीत बसवत नव्हतं. ते यंत्र सुरू झालं की जो घुर्र आवाज यायचा ना, तो ऐकला की कधी एकदा बाहेर पडतो असं व्हायचं. सकाळी आंघोळ करतानाच तो कानात यायला लागायचा. सोडायचं तर माझं ठरलंच होतं. घरी काय तोंडाने सांगायचं तेवढं ठरत नव्हतं. मग आपलं लग्न झालं, पैशांची ओढाताण सुरू झाली, आणि प्रश्न सुटला."

"म्हणजे मी निमित्त."

"चांगलं निमित्त," नवरा म्हणाला. "बाबांनी तर चार लोकांत सांगितलं, पोराने बायकोच्या शिक्षणासाठी त्याग केला म्हणून. मला कोणी नापास म्हटलं नाही."

"आणि इतकी वर्षं तू मला हे सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस."

"विचारलं नाही म्हणून सांगायचं नाही?"

त्याने घडीवरून हात फिरवला. मग जरासा हसला, पण हसण्यात अपराधी झाक होती. "तू इतकी छान वागत होतीस माझ्याशी," तो म्हणाला. "कशाला उगाच त्यात विघ्न?"

बाई पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि टेबलाशी बसल्या. याच टेबलावर त्यांनी तो वर्गीकरणाचा शोधनिबंध लिहिला होता, एका कोपऱ्यात कुकर, दुसऱ्या कोपऱ्यात सासूबाईंच्या गोळ्या. राग येईल असं त्यांना वाटलं होतं, म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली. राग आला नाही. बरेच दिवस प्लास्टरमध्ये असलेला हात सोडवल्यावर तो हलका लागतो आणि नेमका ठेवावा कुठे तेच कळत नाही, तसं काहीतरी झालं. म्हणजे त्या गप्प बसण्याच्या जागा? त्या कोणाच्या खात्यावर घालायच्या? आपण त्याग समजून ज्याची परतफेड करत होतो, ती एका माणसाची सुटका होती. आणि त्या माणसाला आपली परतफेड आवडत होती, म्हणून तो काही बोलला नव्हता. यात कोणाचं वाईटही झालं नव्हतं. त्यांना एकदम वाटलं, की घरात दुसऱ्याने काय सोडलं, कशासाठी सोडलं, हे बाहेरून तर सोडाच, शेजारच्या उशीवर झोपूनही कळत नाही. आणि आपण मुलांना विचारत बसतो, घरात कोणाचं काय अडेल. जणू त्यांना ते माहीत असतं. आतून नवऱ्याने विचारलं, "चहा टाकू का?" बाई हो म्हणाल्या. त्या रात्री जेवताना दोघंही जरा जास्त बोलली, लिफ्टबद्दल, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल, आणि झोपताना बाईंनी पंखा आपल्याला हवा तेवढ्या वेगावर ठेवला. नवऱ्याने बघितलं, आणि पांघरूण ओढून घेतलं.

शुक्रवारी मुलीच्या आधी तिची बहीण आली.

बाईंनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं. दारात एक तिशी ओलांडलेली बाई उभी होती, गळ्यातलं ओळखपत्र उलटं फिरवलेलं, हातात रिकामा डबा. "मी तिची ताई," ती म्हणाली. तिचा आवाज नोंदणीच्या खिडकीतल्या माणसाचा होता, मऊ पण कुठेही न गुंतणारा. "पाच मिनिटं घेतली तर चालेल का? तिला माहीत नाही मी आलेय ते."

"बसा."

ती खुर्चीच्या कडेला बसली. "ती तुम्हाला फार मानते. तुम्ही सांगाल ते करेल. घरी तेच चाललंय, मॅडम काय म्हणतात बघू."

"मी अजून काही ठरवलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही तिला शिक म्हणता, असं तिने सांगितलं."

"म्हणते मी तसं." ताईने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "बाबा गेले तेव्हापासून म्हणते. सवयच झालीये. आता एकदम नाही कसं म्हणणार? म्हणून तुमच्याकडे आले. तुम्ही तिला नाही म्हणा."

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे सरकवला.

"माझं नाव येऊ देऊ नका. तुम्ही म्हणालात, तुला जमणार नाही, तर ती दोन दिवस रडेल आणि नोकरी घेईल. मी म्हटलं तर ती रडणार नाही. हसून नोकरी घेईल, आणि मग जन्मभर ते माझ्या डोक्यावर." ती थांबली. आवाजातला मऊपणा थोडा उतरला. "माझं लग्नबिग्न काही नाही हं. लोकांना तेच वाटतं. मला फक्त एखादं वर्ष काही करायचं नाहीये. सकाळी उठून कुठेही जायचं नाहीये. रोज खिडकीसमोर लोक उभे असतात, कोणाचं पोट दुखतंय, कोणाचा माणूस आत आहे, आणि मी म्हणते, पुढे सरका. मला कोणाला 'पुढे सरका' म्हणायचं नाहीये. एवढंच. हे कारण आहे का शिक्षण थांबवायचं? नाही ना? म्हणूनच मी सांगू शकत नाही."

किती सोपं होतं. बाईंना एकच वाक्य बोलायचं होतं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं. मुलगी मधलीच होती. 'तुझ्यात ते नाही' असं त्यांनी म्हटलं असतं तर जगात कोणी त्यांना खोटं ठरवू शकलं नसतं, ती मुलगी तर नाहीच. सगळं जागच्या जागी बसलं असतं. ताईला सुट्टी, मुलीला नोकरी, आणि घरात कोणी कोणाचं देणं लागत नाही. बाई त्या वाक्याच्या अगदी जवळ गेल्या. मग त्यांना पलंगावर बसून शर्टाच्या बाह्या जुळवणारा आपला नवरा दिसला, आणि आपल्या गप्प बसण्याच्या जागा दिसल्या, एकामागून एक, लांबवर गेलेल्या. ही मुलगी चाळीस वर्षांनी कुठल्या टेबलाशी बसून काय ऐकेल? की तिला सांगायला कोणी उरलेलंच नसेल?

"मला हे जमणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?" ताईने विचारलं. दुखावून नव्हे, कुठला कागद कमी पडला ते विचारावं तसं.

"कारण हे तुमचं आहे. मी नाही म्हटलं तर ते माझं होईल, आणि तिला कधी कळणारच नाही की तिला नेमकं कोणी थांबवलं."

ताई काही म्हणणार तेवढ्यात दार लोटून मुलगी आत आली. ठरल्या वेळेला आली होती. तिने आधी बाईंकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"ताई? तू इथे काय करतेयस?"

ताई उठली नाही. डबा तेवढा घट्ट धरला. बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून बाहेर आल्या, मुलीला म्हणाल्या, "माझ्या खुर्चीत बस, दुसरी मोडकी आहे," आणि दार ओढून घेतलं.

स्वतःच्याच खोलीबाहेर त्या कधी अशा उभ्या राहिल्या नव्हत्या. बोळात काचेचं कपाट होतं, त्यात वाळवलेल्या वनस्पतींचे नमुने, काही थोरल्या सरांच्या वेळचे. त्या ते वाचल्यासारखं करू लागल्या. आतून आधी काहीच आवाज येईना. मग ताईचा आला, एका पट्टीत, बराच वेळ. मग मुलीचा, वर चढलेला: "मग इतके दिवस बोलली का नाहीस?" मग पुन्हा काही नाही. बाकावर बसलेल्या मुलाने विचारलं, "मॅडम, आत कोण आहे?" बाई म्हणाल्या, "कामात आहेत," आणि आपण अगदी शिपायासारखं उत्तर दिलं हे त्यांच्या लक्षात आलं. आपण बरोबर केलं की आपल्यावरचं झटकलं, हे त्यांना कळत नव्हतं. दोन्ही एकाच वेळी झालं असणं शक्य होतं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी नाक शिंकरलं. मग, बाईंना अजिबात अपेक्षा नसताना, आत कोणीतरी हसलं. कोण ते दारातून कळलं नाही.

दार उघडलं. ताई बाहेर आली, बाईंकडे न बघता म्हणाली, "तोंड धुवायला जागा कुठेय?" बाईंनी बोळाच्या टोकाकडे बोट दाखवलं. मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. डोळे लाल होते.

"नोकरी घेतेय," ती म्हणाली. "तिला जरा बसू दे घरी. नंतरचं नंतर." मग तिने आवाज खाली आणला. "पण मॅडम, मला जे विचारायचं होतं ते राहिलंच. ताईचं, नोकरीचं, ते सगळं वेगळं. माझ्यात ते आहे का, ते तुम्ही सांगा."

बाईंनी बाकावरच्या मुलाकडे पाहिलं. तो ऐकत होता. त्यांनी मुलीला आत घेतलं, पण दोघी उभ्याच राहिल्या.

"तू मधली आहेस," बाई म्हणाल्या. "फार हुशार नाहीस. मीही नव्हते. तुझ्या हातून काहीतरी मोठं होईल असं मला वाटत नाही. छोटं होईल. नीट केलंस तर बरोबर होईल, आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडेल, पण तो कोण ते तुला बहुधा कळणार नाही. तू चुकतेस आणि परत येऊन सांगतेस, हे चांगलं आहे. ते शिकवून येत नाही. याच्यापेक्षा जास्त मला दिसत नाही."

मुलगी ऐकत होती. "मधली," ती म्हणाली, नव्या चपलेत पाय घालून बघावा तशी. मग तिने मान हलवली. "बरं," म्हणाली. "थँक यू मॅडम." आणि ती गेली. जिन्यावर दोघी बहिणींचे आवाज खालपर्यंत ऐकू येत होते. कुठली बस घ्यायची यावरून काहीतरी वाद चालला होता.

त्यानंतर बाईंनी ते तीन प्रश्न विचारणं सोडून दिलं. नवीन काही सुचलं म्हणून नव्हे. मुलं येत, त्या पाणी देत, आणि मुलांनाच बोलू देत. त्यामुळे भेटी लांबायला लागल्या आणि बाकावरची रांग वाढली. मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली की मॅडम आता काहीच सांगत नाहीत, वय झालं. मुलगी नोकरीला लागल्याचं कोणाकडून तरी कळलं. मग बरेच दिवस काही कळलं नाही.

पुढच्या वर्षाच्या अखेरीला बाईंचा गुडघा धरला. नवऱ्याने तेवढ्यावरून लिफ्ट असलेल्या घरात जायचा विषय काढला, बाईंनी तो मोडून काढला, आणि शेवटी दोघं इस्पितळात गेली. नवरा गाडी लावायला गेला. नोंदणीच्या खिडकीशी रांग होती. बाईंचा नंबर आला तेव्हा काचेपलीकडे ताई होती. तिने नाव लिहिता लिहिता वर पाहिलं आणि ओळखलं.

"तुम्ही इथेच?" बाईंनी विचारलं. "मला वाटलं, तुम्ही सुट्टी घेतली असेल."

"घेतली ना. तीन महिन्यांत कंटाळले." ती थोडी हसली. "घरात बसून भिंती बघायच्या. पण बरं झालं, घेऊन बघितली. नाहीतर वाटत राहिलं असतं. कुठला पाय?"

"उजवा. आणि ती कशी आहे?"

"ती लागली की पीएच.डी.ला. नोकरी सोडली यंदा. बुरशीवर काहीतरी करतेय. माझी मीच म्हटलं तिला, जा आता. या वेळी खरं म्हटलं." ताईने कागदावर शिक्का मारला. "दुसऱ्या विद्यापीठात आहे. लांब पडतं तिला. जाऊन येऊन बराच वेळ जातो."

बाईंनी पिशवीचा बंद खांद्यावर सरकवला. मग म्हणाल्या, "माझ्याकडे जागा होती यंदा. विचारलं असतं तर घेतली असती मी तिला."

"माहीत होतं तिला," ताई म्हणाली. "मीही म्हटलं होतं, मॅडमकडे जा. नको म्हणाली. म्हणाली, त्यांनी मला खरं सांगितलंय, आता रोज उठून त्यांच्यासमोर कशी बसू?"

मागच्या माणसाने खोकून घाई केली. ताईने काचेखालून कागद पुढे सरकवला, आणि बाईंनी तो घेतला.

"बरोबर आहे तिचं," बाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात ठेवून, बाकांकडे तोंड करून, नवरा कुठे दिसतो का ते बघू लागल्या.